‘चेक’मधला शहा

खानापूरहून एकांनी विचारलंय : ‘चेक’चे अर्थ किती, आणि ‘चेक करून तपासा’ बरोबर का?

दुसऱ्याचं आधी. चूक! चेक करणं म्हणजेच तपासणं. परवा बेळगावात एका पतसंस्थेच्या खिडकीवर ‘चेक चेक करून तपासून घ्या’ असं ऐकलं. पहिला चेक धनादेशाचा, म्हणून सोडला. पुढचं दुहेरी ओझं कशाला? ‘चेक करून बघा की वो’ मात्र मला चालतं. कन्नडात ‘चेक माडि नोड्री’ म्हणतात. ते ‘बघा’ आपल्याकडे दोन्ही भाषांच्या अंगवळणी पडलंय.

नेहमीचे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत. खरा आनंद मुळाशी आहे. फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर चाल आली की ‘शाह!’ म्हणायचं. तो शब्द अरबीतून लॅटिनमध्ये, तिथून जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि इंग्रजीत ‘चेक’ झाला. राजा अडला म्हणून चेक म्हणजे अडवणं. अडवल्यावर पाहणी आलीच. कोगनोळीच्या चेकपोस्टवर दोन्ही अर्थ एकदम भेटतात : आधी आडवा दांडा, मग कागद. पटाच्या घरांवरून कापडावरचे चेक्स. इंग्लंडच्या खजिन्यातही चौकड्यांचं कापड अंथरलेल्या मेजावर हिशेब मांडत, त्यावरून ‘एक्सचेकर’. धनादेशाचं ब्रिटिश स्पेलिंग ‘check’चं ‘cheque’ झालं ते त्याच्याच प्रभावानं. अमेरिकेत दोन्ही चेक आजही एकसारखेच लिहितात.

आणि आपला ‘शह’? तोही तोच शाह! शह आणि चेक सख्खे भाऊ. एक फारसीतून सरळ आपल्याकडे आला, दुसरा युरोपभर हिंडून इंग्रजांबरोबर. माझ्या मते आपल्या बेळगावातल्या शहापूरच्या नावातला शहाही हाच. तिथल्या मागावर विणलेलं चौकडीचं लुगडं हातात घेतलं की मला हटकून वाटतं, गावाच्या नावात शहा आणि कापडातही शहा!

‘चेक’ आपल्या ‘चौकशी’वरून गेला असं छातीठोक सांगणारे विद्वान भेटतात. च आणि क जुळले की व्युत्पत्ती होत नाही. लॅटिनमध्ये हा शब्द ‘स्काक्कुस’ आहे. सुरुवातीचा तो ‘स’ चौकशीत कुठून आणणार?

‘चेकमेट’ म्हणजे शहमात. त्यातल्या ‘मात’चा अर्थ अरबीवरून ‘मेला’ असा लावतात, तोही मला मान्य नाही. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, आणि तेच बरोबर. बुद्धिबळात घोडा मरतो, हत्ती मरतो, वजीरसुद्धा मरतो. राजाला कुणी मारत नाही. डाव संपतो तेव्हा तो पटावरच उभा असतो.