निवेदन पाठवलं, उत्तर मोघम आलं

प्रश्न : आम्ही काही मराठी कुटुंबं नेदरलँड्समध्ये कायमची राहतो, पण नागरिकत्व अजून भारताचंच. इथल्या दुकानांत कंबोडियात शिवलेले कपडे सर्रास मिळतात आणि तिथे तर प्रमुख विरोधी पक्षच बंद केला गेला. युरोपियन युनियनने व्यापाराच्या बोलण्यात हा विषय काढावा, म्हणून सह्यांचं निवेदन दिलं. 'आम्ही मानवाधिकारांचा मुद्दा नेहमीच मांडतो', एवढंच उत्तर आलं. आमचं काय चुकलं?

उत्तर : 'विषय मांडा' एवढीच मागणी केली, तर 'मांडतो' म्हणून सुटता येतं. अडचणीचं उत्तर हवं असेल तर नियमावर बोट ठेवा. कंबोडियाचा शस्त्रं सोडून बहुतेक माल शुल्काशिवाय येतो तो युरोपने एकतर्फी दिलेल्या सवलतीमुळे. त्या सवलतीच्या नियमांत मानवाधिकार व कामगार हक्कांच्या 15 आंतरराष्ट्रीय करारांची यादी आहे. त्यांतल्या तत्त्वांचं 'गंभीर आणि पद्धतशीर' उल्लंघन झालं तर सवलत काढता येते.

आता वेळ कशी साधायची ते पाहा. नोव्हेंबर 2017 मध्ये विरोधी पक्ष विसर्जित झाला, जुलै 2018 च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी सगळ्या 125 जागा घेतल्या. युरोपियन आयोगाने फेब्रुवारी 2019 मध्ये चौकशी सुरू केली : सहा महिने निरीक्षण, पुढच्या तीन महिन्यांत अहवाल. अहवाल 12 नोव्हेंबरला जायचा होता. 10 नोव्हेंबरला विरोधी नेते केम सोखा यांची नजरकैद उठली. राजकारण आणि परदेशप्रवासावरची बंदी मात्र राहिली. ऑगस्ट 2020 पासून सुमारे पाचव्या हिश्श्याच्या निर्यातीवरची सवलत गेली. त्यानंतर दबावाला फारसं काही उरलं नाही. त्याच ऑक्टोबरात कंबोडियाने चीनशी मुक्त व्यापार करार केला, आणि मार्च 2023 मध्ये सोखांना 27 वर्षांची शिक्षा झाली. आमच्या मते खरा जोर सवलत काढण्यात नव्हता, ती जाईल या धास्तीत होता. म्हणून पत्र चौकशी चालू असताना, अहवालाआधी पोचायला हवं.

पत्रात अटकेची तारीख, लावलेलं कलम, न्यायालय आणि मोडलेल्या कराराचं कलम लिहा. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात संघटनेसाठी कलम 22, निवडणुकीसाठी 25. कैद्याचं नाव कुटुंबाला विचारूनच घाला. 'व्यापार बंद करा' लिहू नका. शिलाई कारखान्यांत बहुतेक बायका आहेत, पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. कोणत्या मालावरची सवलत आणि कोणत्या अटीवर, ते सांगा.

आयोगाच्या व्यापार तक्रार खिडकीत (2020 पासून) कायम रहिवाशांनाही तक्रार करता येते. शिवाय युरोपियन संसदेच्या एखाद्या सदस्याला लेखी प्रश्न विचारायला सांगा, मसुदा तुम्हीच द्या. मर्यादा 200 शब्दांची, उत्तराची मुदत साधारण सहा आठवडे. मसुद्यात एकच प्रश्न ठेवा. तीन घातले की सोप्याचंच उत्तर येतं.

प्रश्न : संसदेकडे याचिका करायची तर सह्या किती लागतात?

उत्तर : एक पुरते, आणि ती रहिवाशाचीही चालते. मजकूर मात्र डच किंवा इंग्रजीसारख्या युनियनच्या अधिकृत भाषेत हवा.