निरीक्षणात्मक अभ्यासात, म्हणजे कोणाला औषध द्यायचं हे न ठरवता नुसत्या नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासात, औषधाचा फायदा दिसला, तर तो पुरावा पक्का धरायचा का?

लगेच नको. आधी बघा, औषध कोणी घ्यायचं हे कोणी ठरवलं? लोकांनी स्वतःच ठरवलं असेल तर तिथेच गोची होते. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं अनेक निरीक्षणांत दिसत होतं. पण त्या बायका मुळातच सधन, तब्येतीला जपणाऱ्या! मग अमेरिकेत १६,६०८ जणींची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून चाचणी झाली. ती २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवली. हृदयाला फायदा नाहीच, उलट स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढलेले दिसले.

आणि हो, ‘धोका निम्म्यावर’ असं वाचलंत तर विचारा, कितीवरून कितीवर? हजारात दोघांऐवजी एकाला आजार झाला तरी धोका निम्माच.