विमानात घरच्या सगळ्यांच्या सामानाचं वजन एकत्र धरत नाहीत का? गेटवर जादा पैसे घेणं कायदेशीर आहे का?

कायदेशीर आहे. गोव्याला जाताना ८.४ किलोच्या हँडबॅगेचे तुमच्याकडून घेतलेले पैसे परत मिळायचे नाहीत, तेव्हा तो विषय सोडून द्या. पण तुम्ही पुढे विचारलंय की 'आम्ही चौघं होतो, बाकीच्यांच्या बॅगा हलक्या होत्या, मग एकत्र वजन का नाही धरलं?' हे वाचलं आणि मी उठून चष्मा घेऊन बसले. कारण हाच प्रश्न आमच्या घरात दोन वर्षं चालू आहे आणि त्याचं उत्तर मला एकटीलाच माहीत आहे.

२०२३ च्या डिसेंबरात लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं बंगळूरला निघालो. बाळंतपणाला जायचं म्हणजे काय न्यायचं ते सांगायला नको. आमच्या ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा घेतल्या. लाडू घरी वळले, साठ. शिवाय तिकडे आणखी करायला लागतील म्हणून खोबऱ्याच्या वाट्या वेगळ्या. जुन्या सुती साडीची दुपटी. 'तिकडे सगळं मिळतं' हे वाक्य मला व्याह्यांनीही ऐकवलं आणि ह्यांनीही. मिळतं ना. वळलेले लाडू मिळतात का?

तिकिटं ह्यांनी काढली. तेव्हा कुठल्याशा क्रेडिट कार्डावर एका बुकिंगला साडेतीनशे रुपये सूट होती. मग ह्यांनी स्वतःचं तिकीट स्वतःच्या कार्डावर काढलं आणि माझं मुलाच्या कार्डावर. दोन बुकिंग, दोन पीएनआर, सातशे रुपये वाचले. त्या संध्याकाळी ह्यांची छाती अशी फुगली होती की गोखले रोडवर फिरायला गेलो तेव्हा समोरून येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्याला ती युक्ती सांगून झाली. मी म्हटलं, अहो, वेगळी तिकिटं काढल्यावर सामानाचं काय? तर म्हणाले, "अगं, आपल्या दोघांचे मिळून तीस किलो. तुझी बॅग जड, माझी हलकी. काळजी कशाला?"

निघायच्या आदल्या रात्री वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहिले, मग बॅग घेऊन उभे राहिले आणि वजाबाकी केली. माझी वीस, ह्यांची साडेआठ. तिसाच्या आतच. मी म्हटलं, ऑनलाइन पाच किलो वाढवून घेऊ, आदल्या दिवशी स्वस्त पडतं. "उगाच कशाला?" झोपलेसुद्धा.

पहाटे पाचला निघालो. आनंदनगरचा टोल भरून, पूर्व द्रुतगती मार्गाने, पुढे अंधेरीकडे. काउंटरवरची मुलगी गोड होती, मला काकू म्हणाली. माझी बॅग पट्ट्यावर ठेवली : २०.३. मग तिने विचारलं, सुकं खोबरं आहे का? मी म्हटलं आहे, वाट्या आहेत. तर म्हणाली काढावं लागेल. समोर चित्रांचा फलकच लावलेला असतो, लायटर, पॉवर बँक वगैरे, त्यात नारळाची वाटीही होती. तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते ज्वलनशील मालात मोडतं. आयुष्यभर डब्यात ठेवलं, कधी पेटलं नाही, पण हा नियम मला पटला. निदान त्यामागे कारण आहे. वाट्या काढल्या आणि तिथे लादी पुसणाऱ्या मावशींना दिल्या. उरले १९.३.

मी म्हटलं, आता ह्यांची बॅग ठेवा, दोघांचं मिळून बघा. तिने दोन्ही तिकिटं पाहिली. "काकू, पीएनआर वेगळे आहेत. एकत्र धरता येत नाही." मी मागे वळून पाहिलं. हे छताकडे बघत होते.

मग पुढची दहा मिनिटं टर्मिनलच्या फरशीवर. तुम्ही म्हणाल, सामान इकडचं तिकडे करायचं, त्यात काय. पण ह्यांनी आणली होती ती बँकेच्या कुठल्याशा समारंभात मिळालेली रेक्झिनची बॅग. वजनाला साडेसहा किलोची जागा शिल्लक, आणि आत रुमालही शिरेना. एक दुपटं कोंबलं तर चेन दातातून सुटली. म्हटलं, लाडवांचा डबा ह्यांच्या तिकिटावर वेगळा द्या. तर म्हणे माणशी एकच नग, दुसऱ्या नगाला वेगळा आकार. पिशवीत घालून वर न्यावा तर माझी हँडबॅग आधीच सहा किलो. रांगेतली माणसं माझ्या दुपट्यांकडे आणि पातेल्याकडे बघत होती. माझ्या आयुष्यात मी सगळ्यांसमोर कधी बॅग उघडली नव्हती.

किलोमागे साडेपाचशे. वरचे तीनशे ग्रॅम त्या पोरीने सोडले, म्हणून चार किलोचे २,२०० रुपये. मी एकतीस वर्षं बँकेत कॅशवर काढली, रोज संध्याकाळी पैचा हिशेब जुळल्याशिवाय उठले नाही. त्यामुळे हे जेव्हा म्हणतात की 'सातशे वाचले ते वजा कर, म्हणजे दीडच हजार गेले', तेव्हा माझं डोकं फिरतं. एकाच पीएनआरवर तिकिटं असती तर दोन्ही बॅगा मिळून २७.८ भरत होत्या. शून्य रुपये लागले असते.

असो. तुमचा प्रश्न.

हँडबॅगेचं वजन कोणीच एकत्र धरत नाही, एका पीएनआरवर दहाजण असलात तरी. देशांतर्गत बहुतेक ठिकाणी माणशी सात किलो आणि एक नग, बायकांची पर्स किंवा लॅपटॉप वेगळा. एकच नग हा तर विमान सुरक्षेचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचा नियम आहे, कंपनीशी भांडून उपयोग नाही. एकत्र धरतात ते खाली टाकायच्या सामानाचं, आणि तेही एका पीएनआरवरच. म्हणून कुटुंबाची तिकिटं एका बुकिंगवर काढा. कार्डाच्या ऑफरी गेल्या खड्ड्यात.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या जूनमध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, आदेश काढला होता की १५ किलोच्या वर २० किलोपर्यंतच्या सामानाला किलोमागे १०० रुपयांहून जास्त घेऊ नका. कंपन्यांची संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला : असे दर ठरवायचा अधिकार डीजीसीएला नाही. तेव्हापासून दर कंपनीच्या मर्जीचा. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये सामानच नसलेल्यांना स्वस्त तिकीट द्यायची मुभा मिळाली, म्हणून हल्ली सगळ्यांत कमी भाडं दिसलं की त्यात सामान धरलंय का ते आधी बघा. ही कल्पना काही आपल्याकडची नाही. अमेरिकन एअरलाइन्सने २००८ मध्ये, इंधन भडकलं तेव्हा, पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले होते. इंधन उतरलं, बॅगेचे पैसे काही उतरले नाहीत.

माझं मत विचाराल तर पैसे घ्यायला माझी हरकत नाही. एसटीतही कंडक्टर सामानाचं तिकीट फाडायचाच. पण जे पाच किलो आदल्या रात्री स्वस्त, तेच सकाळी काउंटरवर एवढे महाग का? विमान तेच, लाडू तेच. माणूस रांगेत अडकलाय, मागे हटू शकत नाही, एवढंच काय ते बदललं. त्याचेच पैसे घेतात. आणि दुसरीकडे तीन-तीन बॅगा घेऊन वरची कपाटं भरणारेही डोक्यात जातात, त्यांना गेटवर पकडतात ते बरंच करतात. तुम्ही त्यातले नसाल असं धरते.

पुढच्या वेळी हुकाचा डिजिटल काटा घ्या, तीन-चारशे रुपयांत मिळतो. वजनकाट्यावर बॅग घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची, हा पुरुषांचा खेळ आहे. रिकाम्या बॅगेचंही वजन करा. माझी ती टणक कवचाची बॅग रिकामीच चार किलो आहे, म्हणजे पंधरातले चार तिनेच खाल्ले. जादा लागणार असं वाटलं तर घरूनच ऑनलाइन घ्या, तीन, पाच, दहा किलोंचे टप्पे असतात. गेटवर बॅग खाली टाकायला सांगितली तर आतली पॉवर बँक आधी काढून हातात घ्या, ती खाली चालत नाही. काट्याची शंका आली तर शेजारच्या काउंटरवर पुन्हा वजन मागा, आणि काट्यावर वैधमापनचा शिक्का आहे का बघा. मी बघितला होता. होता. तक्रार करायचीच असेल तर सरकारचं एअरसेवा हे पोर्टल आहे.

हे सगळं देशांतर्गत प्रवासाचं. परदेशी जाताना नियम वेगळे, तिथे बऱ्याचदा नगाप्रमाणे मोजतात. विद्यार्थ्यांना काही कंपन्या दहा किलो जास्त देतात, तेव्हा तुमच्या चौघांत कुणी कॉलेजात असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. आणि काउंटरवरच्या मुलांवर ओरडू नका, दर त्यांनी ठरवलेले नाहीत. मी ओरडले नाही. मी घरी येऊन ओरडले.

आता नातू दोन वर्षांचा झालाय आणि पुढच्या महिन्यात परत जातोय, ह्या वेळी उलव्याच्या नव्या विमानतळावरून. २५ डिसेंबर २०२५ ला ते सुरू झालं, ठाण्याहून ऐरोलीमार्गे सोयीचं पडेल असं हे म्हणतात, बघू. तिकिटं मी काढली आहेत, एका पीएनआरवर. ह्यांनी मोठी बॅग विकत आणली आणि वर म्हणतात, बघ, शेवटी माझंच खरं झालं, दोघांचे मिळून तीसच. मी काही बोलले नाही. जादा सामानाची पावती कपाटात ठेवली आहे. मावशींना दिलेल्या खोबऱ्याचे पैसे तर मी त्यात अजून धरलेलेच नाहीत.