मुलीच्या जर्मनीसाठी बागेतला एक एकर विकायचा का?

ताई, तुम्ही कळवलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. तासगाव तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग, विश्रामबागेत स्वतःचं घर, बँकेत 9 लाखांची एफडी. यजमान साखर कारखान्यात, निवृत्तीला सहा वर्षं बाकी. मुलगी सांगलीतच मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि येत्या ऑक्टोबरला मास्टर्ससाठी जर्मनीला जायचं म्हणते. एका सल्लागाराने खासगी विद्यापीठात प्रवेश करून देतो म्हणून साडेतीन लाख मागितलेत आणि दोन वर्षांचा खर्च 50 लाख सांगितलाय. रस्त्याकडेच्या एकराला 40 लाख देणारं गिऱ्हाईक दारात आहे. विकावा का?

विकू नका. मुलीला जरूर पाठवा, पण त्या विद्यापीठात नको आणि या ऑक्टोबरलाही नको.

50 लाखांचा आकडा कुठून येतो ते बघा. जर्मनीत बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला शिक्षण शुल्क नाही, परदेशी विद्यार्थ्यांनाही नाही. दर सत्राला साधारण दीडशे ते साडेतीनशे युरो वर्गणी भरावी लागते, एवढंच. अपवाद आहेत: बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024 पासून शुल्क सुरू केलं. खासगी विद्यापीठ मात्र वर्षाला दहा-बारा हजार युरो घेतं. युरो 105 रुपये धरला तर दोन वर्षांचे 25 लाख झाले. तुमचा एकर जातोय तो या 25 लाखांपायी. केम्निट्झ, माग्डेबुर्ग अशा शहरांत सरकारी विद्यापीठं आहेत, इंग्रजीतून इंजिनिअरिंगचे मास्टर्स आहेत आणि घरभाडं म्युनिकच्या मानाने बरंच कमी.

राहतो तो जगण्याचा खर्च. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधी भरून दाखवावे लागतात. आजच्या हिशोबाने साडेबारा लाख. ही फी नव्हे. पैसे मुलीच्याच नावावर राहतात आणि तिथे गेल्यावर महिन्याला 992 युरो तिला मिळतात. त्यातच खोली, जेवण आणि आरोग्य विमा बसवायचा. दुसऱ्या वर्षी राहण्याचा परवाना वाढवतानाही पैसे दाखवावे लागतात, म्हणून दोन वर्षांचे 25 लाख धरा. एपीएस प्रमाणपत्राचे (जर्मनीसाठी भारतीय पदवीची पडताळणी) 18,000, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत अर्जाचे पहिल्या विद्यापीठाला 75 आणि पुढच्या प्रत्येकाला 30 युरो, व्हिसा, तिकीट आणि सुरुवातीचं सामान मिळून आणखी दोन-अडीच लाख. एकूण साडेसत्तावीस. हे सगळे अर्ज मुलगी स्वतः भरू शकते, त्यासाठी कुणाला साडेतीन लाख द्यायची गरज नाही.

आता पैसे कुठून आणायचे? एफडीतले 5 लाख वापरा. उरलेले 4 हलवू नका. द्राक्षबाग असलेल्या घराला अवकाळीच्या वर्षासाठी हाताशी रोख लागतेच, हे तुम्हाला मी काय सांगायचं. बाकीसाठी 20 लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर करून घ्या आणि टप्प्याटप्प्याने उचला, कारण व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँक सहसा तारण मागते. शेतजमीन तारण म्हणून बँका बहुधा घेत नाहीत, कारण बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखाली ती त्यांना जप्त करता येत नाही. इथे विश्रामबागेचं घर उपयोगी पडेल. कमी पडतील ते दोन-अडीच लाख मुलीच्या तिथल्या कामातून येतील. विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं. त्याहून जास्त भिस्त त्या कमाईवर ठेवू नका.

20 लाखांवर 10 टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता साधारण 26,400 रुपये, म्हणजे अडीचशे युरो. तिकडे नोकरी लागली तर तिला जड नाही. पण ती परत आली आणि पुण्यात चाळीस हजारांवर लागली तर? मला खरी काळजी या प्रश्नाची वाटते, कारण तोवर यजमान निवृत्तीला टेकलेले असतील आणि तारण राहतं घर आहे. म्हणून शिक्षण चालू असताना निदान व्याज भरत राहा. पूर्ण रक्कम उचलल्यावर ते महिन्याला साडेसोळा हजारांच्या आसपास जाईल. बेदाण्याचे पैसे आले की एप्रिल छाटणीचा खर्च बाजूला काढून वर्षाच्या व्याजाची रक्कम वेगळ्या खात्यात टाका.

कर्ज बँकेचंच घ्या. ओळखीची पतसंस्था लवकर देईल, पण तिच्या व्याजावर आयकरातली शैक्षणिक कर्जाची वजावट मिळणार नाही. ही वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, तेव्हा यजमानांचा कर दोन्ही पद्धतींनी काढून बघा. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशात पाठवलेल्या पैशांवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो करही कापला जात नाही.

‘शेतजमिनीला कर लागत नाही’ असं तुमचे दीर म्हणाले, ते अर्धंच बरोबर आहे. तासगाव नगरपालिकेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आतली जमीन असेल तर भांडवली नफ्यावर कर लागतो. शिवाय सातबाऱ्यावर सासऱ्यांनंतर सगळ्या भावंडांची नावं लागली असतील तर 40 लाख एकट्या तुमचे नाहीतच.

एक वर्ष थांबा म्हणते त्यालाही कारण आहे. सरकारी विद्यापीठांच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी 15 जुलैला संपते, काही ठिकाणी मार्च-मेमध्येच. निकाल, एपीएस, आयईएलटीएस आणि व्हिसाची तारीख हे सगळं आता घाईत बसवायला गेलात की माणूस त्या खासगी विद्यापीठाकडेच ढकलला जातो. मुलीला वर्षभर कुपवाड एमआयडीसीत किंवा पुण्यात नोकरी करू दे आणि जर्मन भाषा बी1 पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत शिकू दे. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कारखान्यातली नोकरी जर्मनशिवाय मिळणं अवघड जातं, आणि तुमचं कर्ज फिटणार आहे ते त्या नोकरीवर. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनचे ऑनलाइन वर्ग सांगलीत बसूनही करता येतात.

सल्लागाराला टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर लेखी पत्र देऊन परत मागा. या आठवड्यात घराचं खरेदीखत, मालमत्ता पत्रक आणि घरपट्टीची पावती घेऊन दोन बँकांत जा. मूल्यांकन किती होतं आणि व्याजदर किती सांगतात ते मला कळवा. मुलींना काही बँका अर्धा टक्का सवलत देतात, तीही विचारा.