सुटलेलं रंगीत चित्र कसं डकवावं?

प्रश्न : इंग्रज चित्रकार आर्थर रॅकहॅमच्या चित्रांचं ‘रिप व्हॅन विंकल’ (१९०५) हे पुस्तक आमच्याकडे आहे. रंगीत चित्रं वेगळ्या कागदावर का डकवलीत? एक सुटलंय, काय करू?

उत्तर : या आवृत्तीत अशी ५१ चित्रं आहेत, आधी सगळी मोजून घ्या. पिवळा, लाल, निळा असे तीन ठसे एकावर एक छापून ही चित्रं तयार होत. त्यातले बारीक ठिपके खरखरीत कागदावर फुटतात, म्हणून लेप दिलेला गुळगुळीत आर्ट पेपर लागे. मजकूर साध्या कागदावर, चित्रं मागाहून डकवलेली. छपाईत चित्रातल्या आकारांच्या कडा बोथट होत. रॅकहॅमची शाईची रेघ ती कसर भरून काढते, ही त्याची खरी हुशारी. भिंगातून रेघेला लाल-निळी किनार दिसली, तर तो ठसा सरकल्याचा दोष. रंग उडालेला नाही.

डकवायला फेव्हिकॉल किंवा सेलोटेप अजिबात नको, पुन्हा सुटत नाही. गव्हाच्या सत्त्वाची घट्ट खळ शिजवा. मूळ गोंदाचा डाग पाहून फक्त वरच्या कडेला खळीची ३ मिलिमीटर पट्टी लावा. पूर्ण पाठीला लावलीत तर पान सुरकुततं. वर बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली दाबा. खळ चित्रावर आली तर आर्ट पेपरचा लेप विरघळून समोरचं पान कायमचं चिकटतं.