मृत्युपत्र नवं, नॉमिनी जुनी

प्रश्न : माझे यजमान अमेरिकेत फेडरल नोकरीत आहेत. मृत्युपत्रात सगळं माझ्या नावे केलंय, पण सरकारी विम्यावर घटस्फोटित पत्नीचं नाव तसंच आहे. चालेल का?

उत्तर : नाही. एफईजीएलआय, म्हणजे फेडरल (केंद्र सरकारी) कर्मचाऱ्यांच्या सामूहिक आयुर्विम्याचे पैसे नॉमिनीला जातात, तिथे मृत्युपत्र चालत नाही. घटस्फोटानेही नोंद आपोआप रद्द होत नाही. २०१३ साली हिलमन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित पत्नीचाच हक्क उचलून धरला. विधवेच्या हाती काही लागलं नाही. यजमानांना नॉमिनी नेमण्याचा एसएफ २८२३ फॉर्म लगेच भरायला सांगा. दोन साक्षीदार हवेत, आणि नॉमिनी साक्षीदार होऊ शकत नाही, म्हणजे तुम्ही सही करू नका. फॉर्म त्यांच्या हयातीत कार्यालयाच्या एचआरकडे पोचलाच पाहिजे. कपाटात ठेवलेला कुचकामी. टीएसपीची (फेडरल कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती बचत योजनेची) नॉमिनी-नोंद वेगळी असते, तीही तपासा.