डबे घरी ठेवा

प्रिय ताई,

सहा वर्षं दर शनिवारी ख्रिस्ती मंडळीतले तुम्ही आठ जण त्या वाडीवर जाता. औषधं वाटता, मुलांना शिकवता, संदेश देता. लोक घेतात, ऐकतात आणि निघून जातात. पाळकसाहेब म्हणतात, हे बायबलमधल्या इस्राएलासारखे ताठ मानेचे लोक. विश्वासू राहून काम चालू ठेवावं की दुसरं गाव शोधावं, हा तुमचा प्रश्न.

मध्येच एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: "कुणाला त्रास नको म्हणून जेवणाचे डबे आणि पाण्याचा जार आम्ही घरूनच नेतो."

सहा वर्षं, ताई! आपल्याकडे कोण कुणाच्या हातचं खात नाही, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. तुमच्या मनात तसलं काही नाही, हे मी मानते. पण वाडीला तुमचं मन दिसत नाही, झाडाखाली उघडलेले डबे दिसतात.

आणि "ताठ मानेचे" हे परमेश्वराने पूजेला सोन्याचं वासरू करणाऱ्या स्वतःच्या प्रजेला सुनावलं होतं, परक्यांना नव्हे. पाळकसाहेबांना तेवढं सांगा.

बायबलातला १ राजे, अध्याय १७ पुन्हा वाचा, सावकाश. दुष्काळात एलीया संदेष्टा ज्याचं पाणी पीत होता तो करीथ ओहोळ आटला, तेव्हा परमेश्वराने त्याला सीदोनातल्या सारफथला एका विधवेकडे धाडलं. म्हणजे परमेश्वराच्या संदेष्ट्यांना मारणाऱ्या ईजबेल राणीच्या माहेरच्या मुलखात. इस्राएलात विधवा काय कमी होत्या? प्रभू येशूने नासरेथात हेच सुनावलं, तेव्हा लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघाले. सारफथला संदेष्टा रिकाम्या हाताने पोचला. वेशीपाशी काटक्या वेचणाऱ्या बाईकडे त्याने आधी पाणी मागितलं. ती आणायला वळली तशी भाकरी मागितली. तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडंसं तेल उरलं होतं. तरी त्याने मागितली, पीठ-तेल सरणार नाही हे परमेश्वराचं वचन दिलं आणि तिच्याच माडीवर राहिला. "परमेश्वराचं वचन तुमच्या मुखात सत्य आहे" हे ती म्हणते अध्यायाच्या अगदी शेवटी: कितीतरी दिवस एका चुलीवरचं खाऊन झाल्यावर, तिचा मेलेला मुलगा परत जिवंत झाल्यावर. त्या घरात अन्न देणारी ती होती. तुमच्या वाडीत देणारे फक्त तुम्ही. ज्याला कायम घ्यावंच लागतं, तो मान खाली घालून घेतो आणि घरी जातो.

या शनिवारी डबे नेऊ नका. आठ जण एकाच घरात शिरू नका. दोघं-दोघं चार घरांत जा आणि आधी पाणी मागा. पाण्याने पोट बिघडायची धास्ती असेल तर चहा मागा, तो उकळलेला असतो. जेवायला थांबा म्हणाले तर थांबा. "आज उपास आहे" म्हणायचं नाही, अर्धी भाकरी ताटात टाकून उठायचं नाही. पैसे हातावर ठेवू नका, बदल्यात मिठाईचा पुडा नेऊ नका. दिलेलं लगेच फेडलं की ते घेतलं असं होतच नाही. नेहमी त्याच फरशीवाल्या घरात बसण्याचा मोह होईल, म्हणून घरं बदला, सर्वांत गरीब घर आधी. जेवताना संदेश नको. पेरणी कशी झाली ते विचारा आणि ऐका.

दुसरं गाव शोधायचा विषय वर्षभर काढू नका. आणि पाळकसाहेब सोबत असतील तर त्यांचाही डबा घरीच राहू द्या.